कॅट, मॅट आणि एक्केचाळीस टाळ्या

सोमवार, २ फेब्रुवारी

अपमान! तोही प्रकाशकाच्या कार्यालयात, पंख्याखाली, बसल्या जागी.

तीन महिने खपून सिद्ध केलेले हस्तलिखित — ‘इंग्रजी सयमक शब्द व त्यांचे अर्थ’, शब्दकुले एकशे चौदा, शब्द नऊशे साठ — मालकांनी अंगठ्याला थुंकी लावून उघडले आणि पहिल्याच पानावर त्यांचा अंगठा गोठला. कॅट : मार्जार. रॅट : मूषक. बॅट : जतुका. मॅट : आस्तरण. हॅट : शिरस्त्राण.

“अहो, पाच वर्षांच्या पोरांचं पुस्तक आहे हे. पोरगं शब्दावर पेन टेकवणार, पेन बोलणार. पेन ‘जतुका’ म्हणालं तर पोरगं पेन खिडकीबाहेर फेकेल!”

बालकांची भाषा समृद्ध व्हावी अशी आपली इच्छा नाही काय, असे मी विनयपूर्वक विचारले.

“नाही,” मालक म्हणाले. सत्यवचनी मनुष्य.

तूर्त तह असा — शब्द माझेच राहतील. पोरे बिथरतील तेथे बदल ध्वनिमुद्रणाच्या वेळी पाहू. इंग्रजी शब्द कोणी अनुभवी निवेदिका उच्चारतील, मराठी अर्थ मी. निदान माझ्या मार्जाराला माझा कंठ लाभेल.

बुधवार, ४ फेब्रुवारी

लिहावे की न लिहावे. लिहितो.

ध्वनिमुद्रणाची खोली म्हणजे गादीच्या आत बसल्यासारखे. भिंतींना काळा स्पंज, खिडकी एकच, तीही काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाकडे उघडणारी — म्हणजे न उघडणारी. एक मेज, दोन माइक, दोन खुर्च्या समोरासमोर. एका खुर्चीत अनुभवी निवेदिका बसल्या होत्या.

माझी पत्नी.

कायद्याने अद्याप पत्नीच. नऊ वर्षांपूर्वी दोन बॅगा आणि एक उभा दिवा घेऊन गेली. कागदपत्रे करण्याइतका उत्साह दोघांपैकी कोणालाच नव्हता. रेडिओवर सव्वीस वर्षे तिने या शहराला सकाळचे पावणेसात वाजल्याचे सांगितले. अनुभवी खरीच.

“नमस्कार, सर,” म्हणाली.

सर! बावीस वर्षे ‘अरे’ होतो. पदोन्नती झाली म्हणायची.

मुद्रक साठीचे, गळ्याला बारमाही मफलर. त्यांनी नियम सांगितले. लाल दिवा लागला की कागदावर आहे तेवढेच बोलायचे. एकाने शब्द म्हणायचा, मनात दोन मोजायचे, दुसऱ्याने अर्थ म्हणायचा. चूक झाली तर थांबायचे आणि एकदा टाळी वाजवायची. “टाळीची उभी रेघ पडद्यावर दिसते मला. रेघेआधीचं वाक्य कापून टाकतो.”

मग तिने घसा साफ केला — हल्ली सारखा करते असे दिसते — आणि म्हणाली, “मला मराठी हवं. इंग्रजी सरांनी वाचावं.”

मी हसलो. ती हसली नाही. मुद्रकांनी मालकांना फोन लावला. मालकांनी एका श्वासात निकाल दिला : “मॅडमचा मराठी आवाज गोड आहे. आणि यांचा इंग्रजीला चालेल.”

चालेल!

घर गेले, कन्येचे प्रेम बहुतांशी तिकडे गेले, उभा दिवा गेला. मराठी तेवढी उरली होती. ती आज सव्वाअकरा वाजता गेली.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

प्रारंभ.

मी : “कॅट.”

काचेपलीकडून मुद्रक : “साहेब, मंत्र म्हटल्यासारखं नको. साधं म्हणा.”

मी साधे म्हटले. मनात दोन मोजले. समोरून आले — “मांजर.”

कागदावर ‘मार्जार’ होते. मी टाळी वाजवली.

“मांजर,” तिने पुन्हा म्हटले, आणि मला काही कळायच्या आत, “मांजराला दूध घातलंस का?”

मी पुन्हा टाळी वाजवली.

हे कोणते वाक्य? कोणी मागितले? कागदावर नाही, पेनात जागा नाही, यमकाशी संबंध नाही. पण दिवसभर हेच. डोअर — “दार. दार ओढून घे, वारा येतोय.” टी — “चहा. माझ्यात साखर नको.” पिल — “गोळी. घेतली मी गोळी, किती वेळा विचारशील?” प्रत्येक वाक्य अशा सुरात, की जणू स्वयंपाकघरातून कोणाला हाक मारते आहे. आणि प्रत्येक वाक्यावर माझी टाळी.

अकरा झाल्या. ती फक्त पुढच्या शब्दाला पुन्हा वाक्य जोडायची. हट्ट कसा मुळापासून जोपासलेला असतो!

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

लाइट, नाइट, फाइट, राइट, टाइट. टाळ्या सोळा.

‘वाइफ’चे कुल आज आले : वाइफ, नाइफ, लाइफ, स्ट्राइफ. बायको, सुरी, आयुष्य, कलह. एवढा संक्षिप्त विवाहशास्त्राचा ग्रंथ अन्य भाषेत नसेल. मी काचेकडे पाहून भुवई उंचावली. मुद्रकांना हसू आवरेना. ती कागदाकडे पाहत राहिली.

शनिवार, ७ फेब्रुवारी

टाळ्या चौदा. एकूण एक्केचाळीस.

संसाराच्या बावीस वर्षांत तिच्या कार्यक्रमांना मी एवढ्या टाळ्या दिल्या नसतील — हा विनोद मी जिन्यात मुद्रकांना ऐकवला. त्यांनी मफलर सारखा केला. “साहेब, एक विचारू? मॅडमची वाक्यं चांगली होती की.”

चांगली वाक्ये सर्वत्र असतात, मी म्हणालो. प्रश्न पुस्तकाच्या शिस्तीचा आहे.

हे मी बोललो. तारीख वर आहे.

सोमवार, ९ फेब्रुवारी

कन्येचा फोन. परगावी असते, मला महिन्याकाठी एकदा करते, तोही काम असल्यासारखा.

“बाबा, आईनं तुला काही सांगितलं?”

“तुझी आई मला फक्त अर्थ सांगते. रोज शंभर.”

“विनोद नको ना, बाबा. आज नको.”

मग तिने सांगितले. तिने सांगितले तसे येथे उतरवतो. माझी भाषा या ठिकाणी उपयोगाची नाही. आईच्या घशात गाठ आहे. चोवीस तारखेला शस्त्रक्रिया. स्वरयंत्र काढावे लागणार. गाठ जाईल, आई राहील, आवाज जाईल. परत येणार नाही.

इस्पितळातल्या वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी एक मार्ग सांगितला आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आपल्या आवाजात शक्य तेवढी वाक्ये मुद्रित करून ठेवायची — रोजची, रोजच्या सुरात, कोणाशी तरी बोलावे तशी. साडेतीनशे तरी हवीत. त्यावरून यंत्र आवाज शिकते. मग ती जे टाइप करील ते यंत्र तिच्या आवाजात बोलेल. पण मुद्रण निर्मळ हवे. घरी करून पाहिले. पंखा, रस्ता, शेजारची भांडी — सगळे रद्द झाले. “म्हणून तिनं हे पुस्तक घेतलं, बाबा. बंद खोली मिळते म्हणून. तू असशील हे तिला माहीत नव्हतं. कळल्यावर सोडणार होती. मीच म्हटलं, सोडू नकोस.”

“इंग्रजी का नको होतं तिला?” मी विचारले. एवढे कळण्याइतकी बुद्धी मला आहे, तरी विचारले.

“नर्सशी काय इंग्रजी कवितेत बोलणार आहे ती?”

फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसलो. एक्केचाळीस.

मंगळवार, १० फेब्रुवारी

साडेनऊलाच स्टुडिओत. मुद्रक कुलूप काढत होते.

“ती कापलेली वाक्यं हवी आहेत.”

“कुठली?”

“टाळ्यांआधीची.”

“शनिवारी पुसली, साहेब. दर शनिवारी पुसतो. जागा लागते.” मग माझ्याकडे पाहून, “तुम्हीच तर वाजवल्या टाळ्या.”

मालकांना फोन. प्रत्येक शब्दामागे एक उदाहरणवाक्य घातल्यास ग्रंथाचे शैक्षणिक मूल्य कसे वृद्धिंगत होईल, हे मी सहा मिनिटे सांगितले. मालक म्हणाले, “पेनात जागा नाही. यमक द्या, अर्थ द्या, घरी जा.” खरे कारण सांगणे माझ्या अधिकारात नव्हते.

मुद्रकांनी ऐकले असावे. किल्ल्यांचा जुडगा हातात फिरवत म्हणाले, “एक ते दोन माझी जेवणाची सुटी. डबा मी जिन्यात खातो, मला तिथं हवा लागते. लाल दिवा लावून जाईन. मालकांना काय कळतंय?”

ती अकराला आली. मी दारातच उभा.

“सांगितलं वाटतं पोरीनं,” ती म्हणाली.

“हो.”

“मग? कीव करणार आता?”

“कीव माझ्या प्रकृतीला मानवत नाही. पित्त होते.”

“बरं.” तिने पर्स खुर्चीला अडकवली. “वाक्यं संपली माझ्याकडची. सगळी आधीच बोलून झाली. आता सुचत नाहीत, परीक्षेला बसल्यासारखं होतं. तुला लिहायची हौस आहे ना? रोज चाळीस लिहून आण. आणि साधी, हं.”

‘तुला’ म्हणाली. ‘सर’ गेले. याची नोंद करतो. अर्थ लावत नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी

चाळीस वाक्ये नेली. सुवाच्य अक्षरात, समास सोडून.

पहिलेच तिने मोठ्याने वाचले. “‘कृपया मला किंचित जल द्यावे.’ असं म्हटलं तर नर्स मला दुसऱ्या वॉर्डात हलवेल रे! मेंदूच्या!”

दुसरे : “‘आज प्रकृतीस यत्किंचित आराम वाटतो.’ कोण बोलतं असं? तू तरी बोलतोस?”

मी बोलतो. पण ते सांगण्याचा प्रसंग नव्हता.

चाळीसपैकी सात ठेवली. ती सातही तिने मोडून पुन्हा बांधली — “पाणी दे गं जरा.” “आज बरं वाटतंय.” एवढेच! ज्याला मी शब्दसंपत्ती समजत आलो, तिच्यात एक ग्लास पाणी मिळवून देण्याची ताकद नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

बावीस वर्षे एका घरात. आणि ती दिवसाकाठी काय बोलते, हे मला माहीत नाही. आज चाळीस लिहायला बसलो, अकरावर अडलो. मी काय बोलत असे, ते शब्दशः आठवते.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

युक्ती सापडली. रस्त्यावर, दुकानात, बसथांब्यावर बायका काय बोलतात ते ऐकून टिपून आणतो. औषधाच्या दुकानात एक बाई म्हणाली, “सुटे नाहीत माझ्याकडे, आधीच सांगते.” तत्काळ टिपले. दुकानदाराने माझ्याकडे संशयाने पाहिले. विद्येच्या मार्गात लांच्छन अटळ असते.

आज एकतीस ठेवली.

तज्ज्ञ बाईंच्या सूचनेप्रमाणे वाक्य कोणाकडे तरी पाहून म्हणायचे असते, नाहीतर रेडिओ होतो — आणि तिचा तर होणारच. म्हणून समोरच्या खुर्चीत मी. माझे काम : गप्प बसणे. पूर्वानुभव शून्य.

माझ्याकडे पाहून ती म्हणते, “पोचलीस का गं?” — हे कन्येला. “खालचा मजला धुताय का, पाणी बंद ठेवू?” — शेजारणीला. “उद्या येऊ नका, सुटी घ्या” — कामवाल्या बाईंना. “सुई हळू टोचा हं, डावा हात दुखतोय.” डोळे माझ्यावर, शब्द दुसऱ्याला. पोस्टाच्या पेटीसारखा बसलो होतो.

“जेवलास का?” असे एक आले. मी “हो” म्हणालो!

तिने डोळे मिटले. मुद्रण बिघडले. माझी टाळी मीच वाजवली.

“भाचा आहे तो,” ती म्हणाली. “त्याला विचारत होते.”

सोमवार, १६ फेब्रुवारी

एकशे तीस झाली. सकाळी यमके, दुपारी वाक्ये. तिचा आवाज चार वाजता बसतो. शनिवारपर्यंत पाच वाजता बसत असे.

आजच्या शब्दकुलात लव्ह, ग्लव्ह, डव्ह, अबव्ह. ‘मूव्ह’ मी यादीत घेतला होता, अक्षरे तीच म्हणून. उच्चार जुळत नाही, हे तिने दाखवले. “बाद कर,” म्हणाली. केला. तीन महिन्यांत मला ते दिसले नव्हते. मी अक्षरांकडे पाहतो. ऐकत नाही, असे तिचे म्हणणे. हे ती आज यमकांबद्दल म्हणाली.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आजच्या चाळिसात सदतिसावे वाक्य मी माझ्या जबाबदारीवर घातले होते : “अरे, जरा इकडे येतोस का?”

तिने पेन्सिल उचलली. “हे कुणाला?”

“कोणालाही. सर्वसाधारण उपयोगाचे.”

“कुणालाही मी असं म्हणत नाही.”

“भाचा —”

“त्याला मी नावानं हाक मारते.” आणि वाक्यावर एक सरळ रेघ ओढली. दोनदाही नाही. एकदाच, पट्टीने ओढावी तशी. “हे नाही लागणार मला.”

मग अडतिसावे म्हणाली. पावाच्या दुकानदाराला.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

बोललो एकदाचे. म्हणजे तीच बोलली.

मुद्रक जिन्यात, लाल दिवा बंद, दोन वाजायला दहा मिनिटे. घसा शेकायला तिने गरम पाण्याचा पेला हातात धरला होता.

“आठवतं तुला,” म्हणाली, “तुझा सत्कार होता. लिखाणाला पंचवीस वर्षं झाली म्हणून. मला बोलायला सांगितलं होतं.”

आठवते. शाल हिरवी होती. सभागृह भरलेले. ती उभी राहिली आणि म्हणाली, ‘यांच्याबरोबर राहताना —’ आणि मी माझ्या खुर्चीतून म्हणालो, ‘— झोप कमी मिळते!’ हशा. ती हसली, पुन्हा म्हणाली, ‘मी एवढंच सांगेन की —’ मी म्हणालो, ‘— पुढच्या जन्मी मुका नवरा हवा!’ प्रचंड हशा. तिसऱ्यांदा ती ‘खरं तर’ एवढेच म्हणाली. तिसरे काय म्हणालो ते मला आठवत नाही. लोक उठून हसले, एवढे आठवते. ती खाली बसली. पुढच्या महिन्यात बॅगा भरल्या.

“मी तुझ्याबद्दल चांगलं बोलायला उठले होते,” ती म्हणाली. “आठ दिवस पाठ करत होते. रेडिओवर एवढी वर्षं बोलले, तरी.”

“काय बोलणार होतीस?”

तिने पाण्याचा घोट घेतला. पेला मेजावर ठेवला.

“आता आठवत नाही,” म्हणाली.

मला एक कोटी सुचली. सुचली, याचीच लाज वाटली. गिळली. मुद्रक डबा झटकत आत आले.

शनिवार, २१ फेब्रुवारी

यमके पूर्ण. शेवटचे कुल झू, शू, ब्लू, ग्लू. तिचा शेवटचा अर्थ : “डिंक.”

वाक्ये तीनशे बारा. तीनशे तेरावे अर्ध्यात फाटले. पुन्हा म्हणाली, पुन्हा फाटले. मुद्रकांनी काचेपलीकडून हात वर केला — पुरे. आज त्यांनी जेवणच केले नव्हते.

साडेतीनशे हवी होती. अडतीस कमी. वजाबाकी मला येते; अडतिसांपेक्षा एक्केचाळीस अधिक असतात हेही येते.

जाताना तिने मफलरवाल्यांचे आभार मानले, तोंडाने नव्हे, हात जोडून. माझ्याकडे पाहून मान हलवली. ती कोणत्या अर्थाची ते कळले नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

सकाळी आठला आत नेले. कन्या म्हणते, येऊ नकोस. आई म्हणते, येऊ नकोस. न जाण्याचे कार्य मी दिवसभर चोख पार पाडले.

बुधवार, २५ फेब्रुवारी

“गाठ पूर्ण निघाली, बाबा.”

आवाज कसा काय, असे मी विचारले नाही. आवाज कसा असणार?

सोमवार, १६ मार्च

ग्रंथ प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर टोपी घातलेले मांजर चटईवर बसले आहे. माझे नाव मांजराच्या शेपटीखाली.

वरच्या मजल्यावरच्या मुलीला तिच्या आजोबांनी आणून दिला. दुपारभर छतातून आम्ही दोघे. “डोअर,” मी म्हणतो. “दार,” ती म्हणते. “फ्लोअर.” “जमीन.” तक्रार नाही, खंडन नाही, कोणी कोणाला तोडत नाही. प्रत्येक वेळी मी दोन मोजेपर्यंत थांबतो. वरच्या लोकांना वाटेल, काय समंजस जोडपे आहे!

शनिवार, २८ मार्च

यंत्र नापास.

कन्येने सांगितले. तीनशे बारा वाक्यांवर जो आवाज तयार झाला तो मराठी बोलतो, शुद्ध बोलतो, पण आईचा नाही. “बँकेतून फोन येतो ना, बाबा, तशी बाई बोलते.” तिच्या आईने एकदा ऐकला आणि फोन उशीखाली ठेवून दिला. आता पाटीवर लिहिते. तज्ज्ञ बाईंचे म्हणणे — जुने काही मुद्रण असेल तर आणा, तिचे एकटीचे.

रेडिओवाल्यांनी जुन्या फिती केव्हाच पुसल्या आहेत.

माझ्या कपाटात अकरा कॅसेटी आणि चार चकत्या निघाल्या. सहली, वाढदिवस, कन्येचे पहिले भाषण, तो सत्कार. दिवसभर ऐकत बसलो. तज्ज्ञ बाईंकडे नेण्याची गरज पडली नाही, माझ्यासारख्या बहिऱ्यालाही कळले. बावीस वर्षांत असे एक वाक्य नाही की ज्यावर माझा आवाज नाही. ती म्हणते, ‘हे बघ, इथून समुद्र —’ आणि मी. ‘बाळ, तू आधी —’ आणि मी. माझ्या आवाजाखाली तिचा आवाज आहे. ऐकू येतो, पण वेगळा काढता येत नाही.

सत्कारातले तिसरे काय म्हणालो तेही ऐकले. येथे लिहीत नाही. त्यात विनोदही नव्हता.

सोमवार, ३० मार्च

सकाळी एकदम सुचले. अर्थ!

नऊशे एकोणसाठ अर्थ. मांजर, उंदीर, चटई, दार, डिंक. सुटे शब्द, पण बंद खोलीतले, स्वच्छ, आणि ज्यांच्या आधी मी दोन मोजून गप्प बसलो होतो. तिच्या एकटीचा आवाज या पृथ्वीवर कोठे असेल तर तो त्या पेनात.

मालकांच्या दारात उभा राहिलो. सगळे सांगितले. अलंकार वापरले नाहीत, सापडले नाहीत. मालक ऐकताना टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा ठेवत राहिले.

“आधी का नाही बोललात? मॅडमचं असं होतं तर वाक्यंही घातली असती की!” मग मुद्रकांना फोन : “अरे, ते सगळं देऊन टाक यांना. हो, सगळं. विचारतोस काय?”

पेनात जागा नव्हती ना, असे मी म्हणालो नाही.

मंगळवार, ७ एप्रिल

शब्द पोचले. तज्ज्ञ बाई म्हणाल्या, बघू.

रविवार, १२ एप्रिल

दुपारी सव्वाचार. फोन. तिचा क्रमांक.

मी ‘हॅलो’ म्हटले. पलीकडे नुसता श्वास — नवीनच तऱ्हेचा, थोडा खालून येणारा. बराच वेळ. कोणीतरी काही बोलायला हवे म्हणून मी तोंड उघडले, एवढ्यात तिचा आवाज आला. किंचित सपाट. कडा जरा कोरड्या. पण तिचा.

“मध्ये बोलू नकोस. मला टाइप करायला वेळ लागतो.”

हे वाक्य आम्ही मुद्रित केलेले नव्हते.

फोन मेजावर, कानाजवळ. पलीकडे टिकटिक चालू आहे. तेवढ्यात हे लिहून ठेवले. पाच मिनिटे झाली. थांबलो आहे.